स्पालोने

मिलानहून आलेला पोरगा वही उघडून बसला
आणि म्हणाला, "'स्पालोने' म्हणजे नक्की काय?"
मी म्हटलं, आधी ती टाचणी दे इकडे,
पायाशी पडलीय तुझ्या.

स्पाल्ला म्हणजे खांदा. एवढं तुलाही ठाऊक.
मागे 'ओने' लावलं की आमच्याकडे काहीही फुगतं,
नाकाचं नाकाड होतं,
दाराची वेस.
तेव्हा स्पालोने म्हणजे भल्याथोरल्या खांद्यांचा माणूस.
पण लिहू नकोस अजून.

मी शिंपीण.
या इन्तेल्वी खोऱ्यातले खांदे
चाळीस वर्षं माझ्या टेपेखालून गेले.
थोरला एकही नव्हता.
डावा उजव्यापेक्षा दोन बोटं उतरलेला,
फरक काय तो एवढाच.
कोट शिवताना त्या बाजूला कापसाचा एक थर जास्तीचा घालायचा
आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

आधी कॉफी, सिगारेटी, तिकडून इकडे.
मग लिरा, इकडून तिकडे.
गाठोडं तेच, गोणपाटाचं.
बुटांवरही गोणपाटच, पाऊल वाजू नये म्हणून.
सरहद्दीच्या जाळीला घंट्या बांधलेल्या असायच्या.
चेलेस्तीनो म्हणायचा,
सरकार एवढं एकच शिकलं आमच्या शेळ्यांकडून.

हा चेलेस्तीनो. त्याचंच सांगते.
कोमोच्या एका रेशीमवाल्यानं त्याला पहिल्यांदा बोलावलं,
लाखेनं बंद केलेलं गाठोडं दिलं,
म्हणाला, लुगानोत अमक्या बँकेत, मागच्या दारानं.
फेब्रुवारी होता.
वरच्या खिंडीत कंबरभर बर्फ,
आणि शिपायांचा कंदील विझेपर्यंत
तो एका बीचच्या बुंध्याआड उभा राहिला. उभाच.
डाव्या पायाची दोन बोटं तिथंच राहिली म्हण.

बँकेतल्या कारकुनानं लाख फोडली.
आत वर्तमानपत्रं.
नोटांच्या मापानं कापलेली,
सुबक, एकसारखी, सुतळीनं बांधलेली.
"परीक्षा होती," कारकून म्हणाला, "पास झालात."
आणि कॉफी मागवली. छोट्या कपात.

मी हातोपा मोजत होते तेव्हा त्यानं हे सांगितलं.
मला संताप आला, टेप सुटली हातातून.
तो म्हणाला, ओत्ताविया,
पुढच्या खेपेला खऱ्या नोटा होत्या.
वजन तेवढंच लागलं.
खांद्याला वाचता येत नाही.

शिपाई हा शब्द थुंकल्यासारखा उच्चारत.
पाद्रीबाबा हळू आवाजात,
कारण देवळाचं नवं छप्पर कुठून आलं ते त्यांना पक्कं माहीत होतं.
माझ्या आईला तो जावई म्हणून चालला असता,
आणि नसताही. वर्षावर अवलंबून.
आता म्हणे लुगानोत टाय लावलेले लोक
गाडीच्या डिकीतून नेतात,
नाहीतर नुसतं बटण दाबतात,
आणि त्यांनाही स्पालोनेच म्हणतात.
त्यांचा खांदा कोट टांगण्यापुरता.
शब्दाचं काय, तोही दुसऱ्याचंच ओझं वाहतो.

चेलेस्तीनो गेला तेव्हा शेवटचा कोट मीच शिवला.
जास्तीचा थर घातला नाही,
निजलेल्या माणसाचे खांदे सारखेच दिसतात.
मग खांदा द्यायला चौघे पुढे झाले,
बात्तिस्ता, मुका रेमिजो, आणि पेद्रात्सीनींचे दोघे.
सगळे त्याच वाटेचे, सगळ्यांचे डावे उतरलेले.
पेटी देवळापासून कबरस्तानापर्यंत
एका अंगाला कललेली,
आणि पाद्रीबाबा मागून म्हणतायत, सांभाळा, सांभाळा.
त्या चौघांना सांभाळा म्हणायचं!
मला हसू आलं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

घे, आता लिही हवं ते.

थांब. उठून उभा राहा जरा.
असा नाही, ताठ.
तुझा उजवा उतरलाय.
काय असतं रे त्या पिशवीत?